श्वास सोडायची जागा

घोरण्याच्या आजारावर रात्री जी मशीन लावतात तिच्या मास्कवर, नाकासमोर किंवा नळी जोडायच्या वळणावर, बारीक भोकांचा एक पट्टा असतो. मास्क विकणारा सिलिकॉनची कड दाखवतो, डोक्यामागचे पट्टे दाखवतो, चेहऱ्याचं माप घेऊन साइज काढून देतो. भोकांबद्दल तो काही सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. मग पहिल्या रात्री मशीन सुरू झाली की भोकांतून सूं सूं करत हवा निघू लागते आणि घरच्यांना वाटतं, मास्क फुटका निघाला. ही पुस्तिका त्या भोकांविषयी आहे. इंजिनिअर त्यांना व्हेंट म्हणतात, मीही पुढे तोच शब्द वापरतो.

बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या भागासाठी अख्खी पुस्तिका लिहावीशी वाटली, त्याला कारण आहे. डॉक्टरांनी तपासणी करून, दाब ठरवून दिलेली मशीन काही आठवड्यांत कपाटावर जाऊन बसते, असं अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांत दिसतं. कारण विचारलं तर मशीनबद्दल फारशी तक्रार नसते. तक्रार असते ती आवाजाची, तोंडावर येणाऱ्या गार वाऱ्याची, शेजारी झोपणाऱ्याची झोप मोडण्याची. या तिन्ही गोष्टी व्हेंटमधून येतात. आणि व्हेंट बनतो सिडनीला, ऑकलंडला, अमेरिकेत, तिथल्या गालिचे घातलेल्या खोल्यांसाठी आणि तिथल्या नळाच्या पाण्यासाठी. आपल्या वऱ्हाडातली खोली वेगळी, पाणी वेगळं, उन्हाळा तर फारच वेगळा. इथे कोणता व्हेंट चालेल हे इथेच मोजून ठरवायला हवं, आणि ते काम आपल्या मुलांना जमण्यासारखं आहे. मी यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात द्रव आणि वायूंच्या प्रवाहाचा विषय शिकवतो. त्याच बाजूने मी या प्रश्नाकडे आलो. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही आणि पुस्तिकेत तो दिलेला नाही.

आधी आजार थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो की हवेची वाटच बंद होते. छाती ओढ घेत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागा करतो आणि मोठा घोरण्याचा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की एक वेळ मोजतात. श्वास थांबण्याच्या किंवा फार मंदावण्याच्या अशा वेळा तासाला ५ पेक्षा कमी असल्या तर ठीक. १५ च्या पुढे मध्यम आणि ३० च्या पुढे आजार तीव्र धरला जातो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांच्या श्वासात झोपेत बिघाड आढळला आणि ७.५ टक्क्यांना दिवसा झोप येण्यासह पूर्ण आजार होता. तो अभ्यास शहरी पुरुषांचा. आपल्याकडे कपाशीच्या शेतात दिवसभर राबून रात्री घोरणाऱ्याला ‘गाढ झोपलाय’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

यावरचा उपाय सापडला १९८० साली, सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात. तोवर तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास देणं. एका रुग्णाने ते करून घ्यायला नकार दिला आणि दुसरं काही असेल तर बघा म्हणाला. डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या धर्तीचा ब्लोअर उलटा वापरला, नाकावर बसेल असा मास्क तयार करून तो सिलिकॉनच्या चिकटद्रव्याने चेहऱ्याला चिकटवला आणि नाकातून दाबाने हवा सोडली. हवेच्या दाबाने घसा उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. ती मशीन म्हणजे आजची सीपॅप. मोटरचा गोंगाट पुढच्या चाळीस वर्षांत इतका कमी झाला की आजच्या चांगल्या मशीनजवळ कान नेला तरच ती चालू असल्याचं कळतं. मोटर शांत झाली तसा व्हेंटचा आवाज कानावर येऊ लागला. तो आधीही होताच.

आता भोक का लागतं ते. सीपॅपला मशीनपासून मास्कपर्यंत एकच नळी असते आणि हवा तिच्यातून सतत एकाच दिशेने, माणसाकडे, येत असते. सोडलेला श्वास जाणार कुठे? बाहेर काढायची वाट नसेल तर तो नळीत मागे शिरेल आणि पुढच्या श्वासाला तोच परत आत येईल. म्हणून मास्कवर कायम उघडी राहणारी भोकं ठेवतात आणि त्यांतून मुद्दाम हवा वाहू देतात. १० सेंटीमीटर पाण्याइतक्या दाबाला बहुतेक मास्कांच्या व्हेंटमधून मिनिटाला ३० ते ४० लिटर हवा बाहेर पडते. झोपलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आतबाहेर करतो. म्हणजे श्वासाच्या पाचपट हवा नुसती वाहून जाते आणि जाताना कार्बन डायऑक्साइड घेऊन जाते. दाब कमी केला की हा प्रवाह कमी होतो, त्यामुळे सोडलेला श्वास पुन्हा ओढला जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो सर्वांत कमी दाबाला. सीपॅप मशीनी सहसा ४ च्या खाली उतरत नाहीत, त्यामागचं मोठं कारण हेच.

म्हणून एक गोष्ट प्रस्तावनेतच ठामपणे सांगून टाकतो. आवाज होतो म्हणून व्हेंटवर चिकटपट्टी लावू नका, कापूस कोंबू नका, रुमाल बांधू नका. आवाज थांबेल, पण श्वास सोडायची जागाही बंद होईल. शिवाय व्हेंटमधून किती हवा जायला हवी याचा अंदाज मशीन आधीच धरून चालते. त्याहून जास्त गेली की ‘गळती’ दाखवते. व्हेंट अर्धा बुजला तर तो हिशेबच चुकतो आणि डॉक्टरांच्या हातात पडणारा अहवाल चुकीचा होतो.

आवाजाचं मूळ गणित सोपं आहे आणि तेच मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतं. साध्या भोकातून बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग भोकाच्या आकारावर ठरत नाही, आतल्या दाबावर ठरतो. १० सेंटीमीटर पाण्याइतक्या दाबाला तो सेकंदाला ४० मीटर येतो, ताशी १४५ किलोमीटर. दाब २० असेल तर ताशी दोनशेच्या पुढे. माणसाच्या नाकापासून दोन बोटांवर, रात्रभर, वादळाच्या वेगाने हवा सुटत असते! एवढ्या वेगाची हवा बाहेरच्या स्थिर हवेत घुसली की भोवरे तयार होतात आणि भोवऱ्यांतून आवाज होतो. जेट विमानांच्या इंजिनांचा आवाज कमी कसा करायचा या चिंतेतून जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ साली दाखवून दिलं की झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती २५६ पट घटते. भोकाच्या कडेवर हवा घासून होणारा आवाज सहाव्या घाताने वाढतो. विमानाचं हेच गणित मास्कच्या भोकाला लागू पडतं हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

वेग दाबाने बांधलेला, दाब डॉक्टरांनी बांधलेला. मग डिझाइन करणाऱ्याच्या हातात उरतं काय? दोन गोष्टी उरतात आणि दोन्हींचा पुस्तिकेत सविस्तर विचार केला आहे.

पहिली, भोकं बारीक करणं. ३५ लिटरचा प्रवाह १० च्या दाबाला सोडायचा तर एकूण २० चौरस मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. ती ५ मिलिमीटर व्यासाच्या एका भोकाने मिळते किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या शंभर भोकांनी. दोन्हींतून हवा तेवढीच जाईल, वेगही तोच. पण एका मोठ्या भोकाच्या आवाजाचा जोर १,६०० हर्ट्झच्या आसपास पडतो, जिथे माणसाचा कान चांगलाच तिखट असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाचा जोर १६,००० हर्ट्झकडे सरकतो. पन्नाशीच्या माणसाला त्यातलं फारसं ऐकूच येत नाही. वाऱ्याचंही तसंच. ५ मिलिमीटरच्या भोकातला झोत अर्ध्या मीटरवर, म्हणजे शेजारच्या उशीवर, अजून सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास वेगाने पोचतो. चेहऱ्यावर तो स्पष्ट लागतो. अर्ध्या मिलिमीटरचा एकटा झोत तिथवर येईस्तोवर जवळजवळ विरून गेलेला असतो. ‘एकटा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. शंभर भोकं एकमेकांना चिकटून, एकाच दिशेला तोंड करून पाडली तर बारीक झोत एकत्र येऊन पुन्हा मोठाच झोत होतो. म्हणून चांगल्या व्हेंटची भोकं पंख्यासारखी फाकलेली असतात. साचातून निघताना भोकाच्या कडेला प्लास्टिकची कूस राहिली तर तिथे बारीक शिट्टी वाजते. सलग सूं सूं आवाजाची कानाला एखादवेळी सवय होते, शिट्टीची कधी होत नाही.

दुसरी गोष्ट, दाब एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडणं. हवा आधी एका जाळीतून किंवा अरुंद वळणावळणाच्या वाटेतून काढायची, तिथे अर्धा दाब घर्षणात खर्ची घालायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर तिला बाहेर सोडायचं. वेग १.४ पटीने कमी होतो आणि आवाज ९ ते १२ डेसिबलनी उतरतो. जागा थोडी जास्त लागते, बस. हल्ली बाजारात विणलेल्या जाळीचे किंवा कापडासारख्या गाळणीचे व्हेंट आलेत ते याच तत्त्वावर. हातात धरून पाहिले तर कुठे भोकच दिसत नाही, आणि आवाज खरोखर इतका कमी असतो की मशीन बंद पडली की काय असं वाटावं.

इथवरचं सगळं सिडनीलाही खरं आहे. आता वऱ्हाडाकडे येतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडच्या खारपाण गावांत बोअरचं पाणी भांड्यात तापवलं की तळाला पांढरा थर बसतो. धरणाचं गोड पाणी पाइपने येतं तेव्हा ते प्यायला आणि स्वयंपाकाला जपून ठेवतात, धुणंभांडी बोअरच्याच पाण्याने होतात. मास्क कशात मोडतो? धुण्यात. मास्क रोज धुवा असं प्रत्येक कंपनीच्या पत्रकात छापलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण खाऱ्या पाण्याने धुतलेला मास्क वाळताना प्रत्येक भोकात पाण्याचा एक थेंब अडकून राहतो, थेंब उडून जातो आणि क्षार तिथेच बसतो. रोज थोडा.

भिंगाखाली असा व्हेंट पाहण्यासारखा असतो. भोकाच्या कडेला आधी धुरकट कडं दिसतं, मग त्यावर करकरीत खडे चढतात, आणि वर्षभर वापरलेल्या व्हेंटमध्ये खालच्या ओळीतली भोकं वरच्यांपेक्षा जास्त बुजलेली असतात, कारण खुंटीवर टांगलेल्या मास्कचं पाणी खाली उतरून तिथे थांबतं. हिशेब करा. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाच्या काठावर केवळ ०.०५ मिलिमीटरचा थर बसला तर व्यास ०.४ उरतो आणि जागा ३६ टक्क्यांनी घटते. ०.१ मिलिमीटर बसला तर ६४ टक्के जागा गेली. आवाज कमी करण्यासाठी भोकं जितकी बारीक करावीत तितका खारपाण त्यांना लवकर गिळतो. जाळीचा व्हेंट तर त्याहून नाजूक. ठिबकचे ड्रिपर क्षाराने बुजतात तेव्हा आपला शेतकरी आम्लाची प्रक्रिया करून नळ्या मोकळ्या करतो. त्याला हा प्रश्न पुस्तिका न वाचताच कळेल.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मशीनमध्ये हवा ओलसर करायला जी पाण्याची टाकी असते तिच्यात खारं पाणी घातल्याने मास्कची भोकं बुजतात असं सांगतात. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालायला हवं यात वाद नाही, पण कारण वेगळं आहे. टाकीतून वाफ वर येते, क्षार टाकीतच खाली राहतो आणि टाकी खराब करतो. भोकांत येणारा क्षार धुण्याच्या पाण्यातून येतो. म्हणून शेवटचं खळबळणं तेवढं आरओच्या किंवा कॅनच्या पाण्याने करावं, मास्क चांगला झटकावा आणि सावलीत वाळवावा. अर्धा लोटा पाणी पुरतं. क्षार बसलाच तर सुई घालू नये. सुईने भोक वाकडंतिकडं होतं, कूस उभी राहते आणि जिथे आवाज नव्हता तिथे शिट्टी सुरू होते. पातळ व्हिनेगरमध्ये भिजवणं टाकीसाठी बऱ्याच कंपन्या सांगतात. जाळीच्या व्हेंटला ते चालतं का, हे त्या त्या मास्कच्या पत्रकात बघून ठरवावं.

धुळीचं थोडक्यात. जिनिंगच्या हंगामात अकोल्यात तरंगणारा कापसाचा तंतू आणि दालमिलचा भुस्सा मशीनच्या मागच्या फिल्टरवर आधी बसतो. व्हेंटमधून हवा बाहेर वाहत असते, त्यामुळे वापरात असताना धूळ आत शिरत नाही. दिवसा मास्क उघडा टांगून ठेवला की शिरते. स्वच्छ कापडी पिशवीत ठेवला की प्रश्न मिटला.

उन्हाळ्याचा मात्र नीट विचार करायला हवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं, आणि रात्री दहा वाजतासुद्धा स्लॅबखालची खोली तापलेलीच असते. उष्णता श्वासाच्या वाटेतल्या वस्तूचं काय करू शकते, त्याचं एक उदाहरण आहे. १४ जून २०२१ रोजी फिलिप्स कंपनीने जगभरातल्या आपल्या लाखो सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणाऱ्या) मशीनी परत बोलावल्या. कारण होतं आवाज शोषण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम. तो झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका निघाला, आणि ओझोनने मशीन साफ करणं, तसंच जास्त उष्णता आणि दमटपणा यांनी झीज वाढू शकते असंही सांगण्यात आलं. आवाज कमी करायला घातलेली वस्तूच श्वासाच्या वाटेत आली! व्हेंट शांत करायला निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही हकीकत आधी वाचावी असं मला वाटतं. श्वासाच्या वाटेत कोणतंही नवं कापड, स्पंज किंवा प्लास्टिक घालताना ते वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पाच वर्षांनी कसं असेल, हा प्रश्न पहिला. दुकानातून आणलेला फोम कापून व्हेंटवर बसवण्याचे प्रयोग माणसावर करू नयेत, याचंही कारण हेच.

गंमत म्हणजे व्हेंटच्या आवाजाची तक्रार उन्हाळ्यात जवळजवळ येत नाही. कूलर चालू असतो. कूलरचा पंखा आणि पाण्याची धार मिळून आवाज पन्नास डेसिबलच्या वर सहज जातो, त्यात व्हेंट बुडून जातो. तक्रारी सुरू होतात दिवाळीनंतर. कूलर बंद, पंखे बंद, खिडक्या लावलेल्या, बाहेर थंडी, आणि खोलीत एकच आवाज उरतो. मास्कच्या खोक्यावर २५ डेसिबल छापलेलं असतं ते एक मीटर अंतरावरचं. आपल्याकडच्या पलंगावर बायकोचा कान नवऱ्याच्या मास्कपासून फार तर तीस सेंटीमीटर. तेवढ्याने आवाज दहा डेसिबल वाढतो आणि ३५ होतो. झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सांगितलेलं आहे. वर आपल्या भिंती प्लास्टरच्या, खाली फरशी, छत काँक्रीटचं. आवाज शोषून घ्यायला गादीशिवाय खोलीत काही नाही.

माझे मोठे भाऊ अकोल्यात जठारपेठेत राहतात आणि मशीन लावून झोपतात. आवाज मोजायचं यंत्र घेऊन मी मशीनभोवती फिरत होतो तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मशीनचा नाही हो तरास. थे मास्कचं वारं हाये ना, माह्या डोयात शिरते रातभर. यायले म्हनलं तिकडं तोंड करून झोपा, तर झोपेत पुन्हा इकडंच.’’ खोक्यावर वाऱ्याचा आकडा नसतो. आवाजाचा छापतात, झोत कुठे जातो आणि अर्ध्या मीटरवर त्याचा वेग किती हे कुणी छापत नाही. वहिनींच्या त्या बोलण्यावरून पुस्तिकेचं चौथं प्रकरण उभं राहिलं: उदबत्तीचा धूर आणि टॉर्चचा उजेड एवढ्यावर झोताची दिशा कशी पाहायची, आणि कुशीवर झोपणाऱ्याचा मास्क निवडताना व्हेंट छातीकडे वळलेला हवा की वर. मास्क बदलल्यावर भावांच्या घरातला प्रश्न बराच सुटला. प्रत्येकाला मास्क बदलणं परवडत नाही, त्या घरांसाठी वळणाचा जोड फिरवून काय साधतं तेही दिलं आहे.

झोत कुठे जातो हा प्रश्न एकदा आपल्याकडे जिवावरचा झाला होता. २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची राज्यातली पहिली मोठी चाहूल अमरावती-अकोल्यात लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी झाली. पुढच्या आठवड्यांत वॉर्डांत बायपॅपचे मास्क रात्रंदिवस चालू होते. साध्या व्हेंटच्या मास्कमधून रुग्णाचा श्वास झोताने थेट खोलीत येतो. २००३ च्या सार्सनंतर हाँगकाँगमध्ये डेव्हिड हुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पुतळ्याला मास्क लावून, धूर आणि लेझर वापरून हे मोजलेलं होतं. काही जोडण्यांमध्ये हा श्वास जवळपास मीटरभर लांब जात होता. म्हणून करोनात व्हेंट नसलेला मास्क, त्यापुढे विषाणू गाळणारा फिल्टर आणि फिल्टरच्या पलीकडे हवा सोडायची जागा, अशी जोडणी करायला सांगितलं गेलं. जागा तीच, फक्त पुढे सरकवलेली. ज्या परिचारिकांनी त्या महिन्यांत पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन, रुग्णाच्या तोंडाजवळ वाकून अशा जोडण्या केल्या, त्यांना या विषयातलं जे कळतं ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्यांच्याशी बोलल्याशिवाय आपल्या मुलांनी व्हेंटचं चित्रसुद्धा काढू नये असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची: लाइन जाणं. मशीन बंद पडली की व्हेंटमधून वाहणारी हवा थांबते. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळं असतं. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला एक वेगळी झडप असते; दाब गेला की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. ही झडप व्हेंटच्या शेजारीच बसवलेली असते आणि क्षार तिलाही सोडत नाही. पापुद्रा चिकटून बसलेली झडप लाइन गेल्यावर उघडणार नाही. मास्क धुतल्यावर मशीन बंद ठेवून तो तोंडावर धरायचा आणि श्वास सहज घेता येतो का ते बघायचं. पाच सेकंदांचं काम आहे. इन्व्हर्टरवर मशीन चालवणाऱ्यांनी पाण्याच्या टाकीचा हीटर बंद ठेवला तर बॅटरी बरीच जास्त टिकते.

पुस्तिका मी दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिली आहे. घरात मशीन असलेल्यांनी तिसरं आणि चौथं प्रकरण आधी वाचावं. समीकरणं तिथे नाहीत. उरलेली प्रकरणं मुलांसाठी आहेत. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याचं राम मेघे, अकोल्याजवळ बाभूळगावचं, शेगावचं गजानन महाराज महाविद्यालय, सगळीकडे शेवटच्या वर्षाला प्रकल्प लागतो आणि सगळीकडे तेच तेच विषय फिरतात. व्हेंटला मोठं यंत्र लागत नाही. ब्लोअर, पाण्याची यू आकाराची नळी, प्रवाहमापक, शांत खोली आणि चांगला मायक्रोफोन एवढ्यावर काम सुरू होतं. भोकांच्या पट्ट्या थ्री-डी प्रिंटरवर काढता येतात, फक्त प्रिंटरवर काढलेलं अर्ध्या मिलिमीटरचं भोक खरंच तेवढं आहे का हे भिंगाखाली तपासावं, बहुधा नसतं. मास्कांच्या चाचण्यांसाठी आयएसओ १७५१० हे मानक आहे. कार्बन डायऑक्साइड किती साठतो, प्रवाह किती, आवाज कसा मोजायचा, हे त्यात दिलेलं आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सर्व वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली येतात, म्हणून प्रयोगशाळेत बनवलेला व्हेंट पुतळ्यावरच राहील. तो माणसाच्या तोंडावर जायचा तर मंजुरीचा पूर्ण रस्ता चालावा लागेल.

त्या मानकात एक चाचणी नाही आणि ती आपण जोडावी असा माझा आग्रह आहे. नवा व्हेंट दर्यापूरच्या बोअरच्या पाण्याने रोज एकदा धुवायचा, सावलीत वाळवायचा, दर महिन्याला १० च्या दाबाला त्यातून किती हवा जाते आणि आवाज किती होतो ते लिहून ठेवायचं, वर्षभर. सहज काढता येणारी, उकळत्या पाण्यात टाकता येणारी, बारीक पण जाड कडेच्या भोकांची स्टीलची चकती, की दर तीन महिन्यांनी बदलायची स्वस्त प्लास्टिकची, यांत कोण टिकतं याचं उत्तर या नोंदींतूनच निघेल. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी नोंदवहीचा तक्ता दिला आहे. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिहायला त्यात वेगळा रकाना आहे, तो रिकामा सोडू नये.